खोटं म्हणणारी

हे कोणालाही खरं वाटणार नाही, आणि वाटावं अशी अपेक्षाही नाही. ज्या जालन्यात दिवसाउजेडी लोखंड वितळवून त्याच्या सळया ओढतात आणि रस्त्यानं जाणारा मान वळवूनही बघत नाही, त्याच जालन्यात एक धट्टाकट्टा म्हातारा ऐन वैशाखात तळहाताएवढ्या मोबाईलशी भांडत बसला होता. त्यानं शिव्या दिल्या, हात उगारला, एकदा तर मोबाईलला जवारीच्या पिठाच्या डब्यात कोंडून वर झाकण लावलं. मोबाईल एकदाही चिडला नाही. कडूबाचं खरं दुखणं हेच होतं. बियाण्याच्या कंपनीचा ट्रक चालवण्यात जन्म गेलेला माणूस. नाक्यावरचा शिपाई, हमाल, पंक्चरवाला, सगळ्यांशी भांडून झालेलं, आणि समोरच्यानं उलट दोन शब्द ऐकवल्याशिवाय भांडण पुरं होत नाही अशा ठाम मताचा. आणि हा मोबाईल! त्यात ‘उषाबाई’ असं लिहून भिंगाच्या चित्रावर बोट ठेवलं की तो जरा वेळ गोल गोल फिरे, विचार केल्याचं सोंग आणी, आणि मग अदबीनं सांगे: तुमच्या शोधाशी जुळणारं काहीही सापडलं नाही. खाली एका हसऱ्या ढगाचं चित्र. कडूबाला त्या ढगाचा सगळ्यात जास्त राग यायचा. हसतो कामून, गाढवा? माणसाची बायको सापडत नाही म्हणतोस, आणि वर हसतोस? आणि बायको तर भिंतीपलीकडे, स्वैपाकघरात, लसूण सोलत बसलेली होती.

सुरुवात अगदी बारीक गोष्टीनं झाली होती. शेजारच्या भागवतच्या अंगणात संध्याकाळी माणसं बसली होती, मोसंबी सोलली जात होती, आणि कडूबा कित्येक महिन्यांनी शहागडची गोष्ट सांगत होता. ही गोष्ट त्यानं जालन्यापासून नांदेडपर्यंतच्या प्रत्येक हॉटेलात सांगितलेली. शहागडला पुलाच्या बाजूला ट्रक लावून तो गोदावरीत अंघोळीला उतरला, दगडावर ट्रान्झिस्टर बातम्या देत होता, तेवढ्यात पाणी चढलं आणि ट्रान्झिस्टर गेला वाहून. पुढच्या साली ट्रक नांदेडला, कडूबा घाटावर तोंड धुतोय, आणि पाण्यातून बातम्या! माशानं गिळलेला. माशानं तोंड मिटलं की बातम्या बंद, उघडलं की चालू, आणि ऐन कापसाच्या भावाला नेमका मासा जांभई देणार. “आवाजावरून शोधून काढला राव!” असं म्हणून कडूबा इथं थांबायचा. मोसंबीची एक फोड तोंडात टाकायचा. ती थांबण्याची जागा त्याची नव्हतीच, उषाबाईची होती. दोन घरांच्या मधल्या बुटक्या भिंतीपलीकडून, भांडी घासता घासता, नळाच्या आवाजावरून उडी मारून तिचा शब्द यायचा, “खोटं!” आणि सगळं अंगण फुटायचं. कधी त्या एका शब्दावर ती भागवायची, कधी त्याला आणखी एक वाक्य जोडून द्यायची. कडूबा छातीवर हात ठेवून आईची शपथ घ्यायचा, आणि गोष्ट खरी तिथून सुरू व्हायची, कारण आता ती सिद्ध करणं आलं. माशाचा आकार, कोळ्याचं नाव, ट्रान्झिस्टरच्या सेलची कंपनी, सगळं त्या ‘खोटं’च्या तडाख्यात जन्माला यायचं. त्या संध्याकाळीही तो सवयीनं थांबला. फोड तोंडात टाकली. भिंतीपलीकडे नळ चालू होता, ताटावर ताट पडलं, आणि दुसरं काही आलं नाही. फोड चघळून संपली. मग भागवत म्हणाला, “कमाल हाय, काका.” आणि त्याच्याकडे आलेला कोणी मास्तर मान हलवत म्हणाला, “असतात, असे मासे असतात.”

असतात! कडूबाच्या अंगाचा तिळपापड झाला. कुठं असतात? रेडिओ गिळून बाजारभाव सांगणारा मासा हा माणूस मान हलवून कबूल करतो, शाळेत पोरांना शिकवतो, आणि कबूल करतो! म्हाताऱ्याची बायको मुकी झाली, तर त्याची दया म्हणून ही सगळी माणसं त्याची गोष्ट खरी मानायला निघाली होती. जन्मभरात त्याचा एवढा अपमान झाला नव्हता. तो उठला, चप्पल उलटी घालून घरी आला, खाटेवर आडवा झाला, आणि तोंडातली मोसंबीची बी दातांनी फोडत त्यानं उषाबाईचं ‘खोटं’ मनात ऐकायला घेतलं. आलं नाही. शब्द आला, आवाज भलताच आला. आधी भागवतच्या बायकोचा, साधनाचा. मग कधीतरी अंबडच्या स्टँडवर सुट्ट्या पैशांवरून भांडलेल्या कंडक्टरणीचा. त्यानं डोळे घट्ट मिटले. तिच्या ‘खो’च्या आत एक दाबलेलं हसू असायचं, हे आठवत होतं. शेवटी ताट पालथं घातल्यासारखा टणका असायचा, हेही आठवत होतं. आवाजाची सगळी मापं आठवत होती आणि आवाज नव्हता; चाव्या खिशात आणि ट्रक जाग्यावर नाही, तसं. भीती वाटली की तिचं रूपांतर ताबडतोब रागात करायचं, ही त्याची जुनी सवय. त्यानं रागानं उशी फेकली.

गेल्या पावसाळ्यात उषाबाईच्या घशातली गाठ निघाली, आणि गाठीबरोबर डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढून घेतलं. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाला, आणि जिंकल्यासारखा हसला. कडूबानं त्याला तिथंच विचारलं होतं, “जीव वाचला, बराबर. मंग बोलनारी कुठं गेली?” आकांक्षानं, म्हणजे पोरीनं, त्याचा दंड धरून बाहेर नेलं. आता उषाबाईच्या गळ्याला पुढून एक भोक होतं, त्यातून ती श्वास घ्यायची, आणि त्यावर पांढऱ्या मऊ फडक्याची घडी बांधलेली असायची. बोलायला म्हणून दवाखान्यानं एक यंत्र दिलं होतं, हनुवटीखाली टेकवायचं. तिनं एकदाच टेकवलं. “पाणी” असा काहीतरी शब्द आला, पिठाच्या गिरणीनं उच्चारल्यासारखा. ती स्वतःच दचकली, यंत्र डब्यात घातलं आणि डबा लोणच्याच्या बरणीमागं सारला. तेव्हापासून ती भांड्यांनी बोलायची. उलथनं तव्यावर एकदा वाजलं म्हणजे जेवायला या; ताटाच्या काठावर चमचा किणकिणला म्हणजे तुमचा फोन वाजतोय, बहिरे झालात का; आणि पातेलं ओट्यावर आदळलं तर ज्याचं त्यानं समजून घ्यावं. कडूबाला सगळं समजायचं. अलीकडे, अक्षय तृतीयेपासून, उलथनं नको तेवढं जोरात वाजत होतं, पण उन्हाळाच तसला होता. तव्यासमोर उभं राहणाऱ्याच्या डोक्यात ऊन जायचंच.

आकांक्षा पुण्यात नोकरीला. उशी फेकल्यानंतर त्यानं तिला फोन लावला, आणि खूप दिवसांनी लावला म्हणून आधी तिलाच झापलं.

“बाबा, आवाज आहे ना आईचा,” ती म्हणाली. “ऑपरेशनच्या आधी मीच तिला म्हटलं होतं, काहीतरी बोल, रेकॉर्ड करते. तर म्हणाली, मी काय पुढारी हाय का भाषण द्यायला? मग मी तिचा फोन चालू करून खाटेखाली ठेवून दिला. भोकरदनचे पाहुणे आले होते, तुम्ही सुटला होतात. सगळं आलंय त्यात.”

“कुठाय ते?”

“ड्राइव्हवर. क्लाउडवर टाकलंय. सर्च करा.”

त्यानं बोलता बोलताच ‘उषाबाई’ लिहून बघितलं. “केलं. न्हाई म्हनून राह्यला तो.”

“मग आईनं नाव बदललं असेल. तिच्या फोनमध्ये तुमचंच अकाउंट आहे, तिला शिकवलं होतं मी.”

“तिला शिकवलं, अन् मला न्हाई?”

“तुम्ही शिकता कुठं, बाबा? तुम्ही सांगता.”

“जास्त बोलू नको. तूच बघ तिकडून.”

“कशी बघू? पासवर्ड तुम्ही मागं चिडून बदललात, तेव्हापासून ते तुमच्या दोघांच्याच फोनवर उघडतं. आठवतोय का?” आठवत नव्हता. तो मोबाईललाच तेवढा माहीत होता आणि मोबाईल सांगत नव्हता. “बरं, त्यातलं काही उडवलं तर नाही ना तुम्ही?”

“मी? मी कामून उडवू?”

हे उत्तर त्याच्या तोंडातून नेहमीसारखं, तेल लावल्यागत सुटलं, आणि त्याच्या हिशेबानं ते खोटंही नव्हतं. अक्षय तृतीयेला सगळ्या नातेवाईकांनी मिळून त्याच्यावर शुभेच्छांचा ट्रक ओतला होता. घागरी, आंबे, लक्ष्म्या, हलणारे दिवे. मोबाईल ओरडायला लागला की जागा भरली, जागा भरली. तेव्हा ओसरीवर बसून त्यानं साफसफाई केली होती. देव उडवले, फुलं उडवली, कोणाकोणाच्या लग्नांचे व्हिडिओ उडवले, आणि त्यातच एक ‘उकिरडा’ नावाचा कप्पा दिसला, तोही उचलून टाकला. मोबाईलनं स्वतःच केर काढून एका कोपऱ्यात गोळा करून ठेवला असावा, आपण नुसतं सूप उचलायचं, असं त्याला वाटलं होतं, आणि त्या एका गोष्टीपुरता मोबाईलचा थोडा आदरही वाटला होता. ह्याला कोणी उडवणं म्हणत नाही. ही स्वच्छता झाली.

मग खरा शोध सुरू झाला. आधी पुन्हा ‘उषाबाई’. मग ‘उषा’, कारण लग्नाआधी ती नुसती उषा होती. मग ‘आवाज’, त्यावर मोबाईलनं त्याच्याच जुन्या ट्रकच्या हॉर्नचा व्हिडिओ काढून दिला. कंपनीतल्या कोणी पोरानं निवृत्तीच्या दिवशी काढलेला. कडूबा खिडकीतून हात हलवतोय आणि हॉर्न बोंबलतोय. ‘बोल’ लिहिलं तर कमळावर छापलेले कोणाचे तरी अनमोल बोल आले. ‘घर’ लिहिलं तर घरपट्टीच्या पावतीचा फोटो. ‘बायको’ लिहिलं तर विनोदांचा ढीग, सगळे बायकांवरचे, सगळे शिळे, आणि ते सगळे कधीकाळी त्यानंच पुढं पाठवलेले. शेवटी ‘खोटं’ असं लिहिलं. बोट भिंगावर ठेवून त्यानं वाट बघितली, आपल्याच घराचं दार वाजवून आतून कोण बोलतंय ते ऐकत उभं राहावं तशी. काहीही सापडलं नाही. ढग हसला. ढगाच्या भरवशावर ठेवलं म्हणे! ज्या मुलखात ढग येतो, गावावर घटकाभर उभा राहतो, काळा पडून दाखवतो आणि शेजारच्या जिल्ह्यात जाऊन मोकळा होतो, त्या मुलखातल्या पोरीनं आईचा आवाज ढगात ठेवला. ठेवायचाच होता तर कणगीत ठेवायचा, ट्रंकेत ठेवायचा, गोधडीच्या घडीत ठेवायचा. हात घातला की लागला असता.

फोटो मात्र निघायचे, हवे तेवढे. एक फोटो जांब समर्थचा, देवळाच्या पायऱ्यांवरचा. त्यात उषाबाईचं तोंड उघडं होतं. फोटो काढणाऱ्याला, म्हणजे त्यालाच, ती काहीतरी सुनावत होती. काय सुनावत होती तेही कडूबाला पाठ होतं. त्यानं तिथल्या माकडाची गोष्ट सांगितली होती, माकडानं त्याला रामाचं नाव विचारल्याची, आणि ती पायरीवरून ओरडली होती. आता तिच्या ओठांचा आकार होता, वरचा एक दात दिसत होता, गळा भरलेला होता, त्या गळ्यावर फडकं नव्हतं, काळी पोत होती, आणि शब्द नुकताच निघाला होता किंवा निघणार होता. तो मोबाईल कानाजवळ न्यायचा. मग आपण फोटो कानाला लावलाय हे त्याच्या ध्यानात यायचं आणि तो आजूबाजूला बघायचा, कोणी पाहिलं तर नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

शेवटी तो स्वैपाकघरात गेला. भाकरी तव्यावर होती.

“काय नाव ठिवलं तू त्याचं?” त्यानं विचारलं. “तुझ्या आवाजाचं. आकांक्षी म्हनली तूच बदललं. सांग ना! मी इथं येड्यावानी हुडकून राह्यलो, अन् तू लसून सोलून राह्यली. तोंडानं न्हाई तर बोटानं सांग, टाइप कर, काही तर कर!”

उषाबाईनं त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, खालून वर बघितलं, चोरीचा माल आपल्याच दारात विकायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं. फडक्याखाली तिचा श्वास जोरात आत गेला, बाहेर आला. मग तिनं उलथनं तव्यावर असं हाणलं की त्याचा दांडा वाकला. भाकरी तशीच टाकून, गॅस बंद करून ती मागच्या दारानं निघून गेली आणि तुळशीजवळ पाठ करून बसली. भाकरीचा जळका वास घरभर पसरला. कडूबा तव्यासमोर उभा राहिला. जगात एका माणसाला तो आवाज कुठं ठेवलाय ते माहीत होतं, आणि ते माणूस पाठ करून बसलं होतं. सांगायचं नाही म्हणून सांगत नव्हती. जन्मभर भिंतीवरून, पायरीवरून, चालत्या ट्रकच्या केबिनमधून न विचारता बोलत आली, आणि आता विचारतोय तर नाही. त्यानं पिठाचा डबा उघडला, मोबाईल आत घातला आणि झाकण दाबून बसवलं. आतून मोबाईल एकदा वाजला, कोणीतरी शुभ दुपार पाठवली होती.

चांदपाशाचं दुकान कुंडलिका नदीच्या पुलाजवळ. पूर्वी तो रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा, आता मोबाईल करतो; दुकान तेच, स्टूल तेच, कडूबाची बसायची जागा तीच. त्यानं मोबाईल हातात घेतला, उलटा केला, ठोकला. काउंटरवर पीठ सांडलं.

“कडूभाई, ये क्या? भाकर करायला आणला का फोन?”

“तू काम कर. ह्याच्या पोटात माझ्या बायकोचा आवाज हाय. नाव म्हाईत न्हाई. काढून दे.”

“नाव मालूम न्हाई तो कैसा ढूंढूं?” चांदपाशानं ब्रशनं पीठ झटकलं. “अन् इतना गुस्सा कायको? तुमच्या अम्मानं नाव बिलकुल बराबर ठेवलं. कडू.”

“माझ्या मायवर जाऊ नको, चांदपाशा!” कडूबा स्टुलावरून उठलाच. “गुस्सा म्हनून न्हाई ठिवलं तिनं. ऐक. आता हे बी तुला खरं वाटनार न्हाई, पर ऐक. आमी हसनाबादचे. माझ्या आधीची दोन लेकरं मायच्या मांडीवरच गेली. एकाचं नाव राजा ठिवल्तं अन् एकाचं सोन्या. माझ्या येळंला ती म्हनली, आता लाड बंद. जे कोनी टपून बसलंय, त्याला वाटलं पायजे, हे पोरगं टाकाऊ हाय, नेऊन काय करायचं. नाव ठिवलं कडू. तेवढ्यानं भागंना, म्हनून जन्मल्या जन्मल्या मला सुपात घातलं अन् भर दुपारी नेऊन टाकलं. अन् मी पडलो तिथं, तं गावातला कोंबडा माझ्या उशाला पहाऱ्याला उभा. साप आल्ता म्हन, ह्यो लांब. कोंबड्यानं त्याला इचारलं, पास हाय का?”

“हाव,” चांदपाशा मोबाईलमध्ये डोकं घालून म्हणाला. “हाव, हाव. सही बात.”

“सही बात? आरं, खोटं म्हन की एकदा! कोंबडा पास मागतो व्हय सापाला? कोनीच कसं—”

आणि कडूबा थांबला. ही थांबण्याची जागा नव्हती. कोंबडा खोटा होता, साप खोटा होता, पण गोष्टीचं हाड खरं होतं, आणि ह्या एकाच गोष्टीला उषाबाईनं कधी भिंतीपलीकडून खोटं म्हटलं नव्हतं. नवी नवरी होती तेव्हा तिनं सासूलाच विचारून घेतलं होतं. सासूनं तिला जागा नेऊन दाखवली होती, गोठ्यामागची, शेणाची, राखेची, कोंबड्या उकरत होत्या ती. इथं टाकला होता, दुसरीनं उचलला, तिच्याकडून मी पसाभर जवारी देऊन विकत घेतला, म्हणून हातात राहिला. पुढं आकांक्षा तान्ही असताना ताप चढला की उषाबाई तिला ‘केरसुणे’ म्हणून हाक मारायची. जे राहावं असं वाटतं त्याला घाण नाव द्यायचं. जे फार हवं असतं ते कोणाच्या डोळ्यांवर येऊ द्यायचं नाही. टाकलं तिथं कोंबडा उभा होता असं तो जन्मभर सांगत आला, आणि टाकलं त्या जागेचं नाव आत्ता त्याच्या जिभेवर आलं.

“चांदपाशा,” त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज त्यालाच नवा वाटला, बारीक. “ह्याच्यात आपन फेकलेलं कुठं जातं?”

“कचरापेटी में. महिनाभर पडून ऱ्हातं, फिर कायम का साफ.”

“उघड. जल्दी उघड.”

वरच लक्ष्म्या होत्या. मग आंबे, घागरी, हलणारे दिवे, एक नवरदेव घोड्यावरून उतरत होता. चांदपाशाचं बोट सरकत होतं आणि कडूबाला वाटत होतं की बोट नाही, काठीनं कोणीतरी ढीग उकरतंय. किती वेळ झाला अक्षय तृतीयेला? हिशेब लागेना. राजा आणि सोन्या गेले ते असंच, हिशेब लागायच्या आत. बोट थांबलं. सगळ्यात तळाशी, ‘उकिरडा’.

“ये क्या है? तुमीच लिहिलं?”

“न्हाई. उचल त्याला.”

“इथं दाबा, आपोआप—”

“मी न्हाई दाबायचं! ज्यानं टाकलं त्यानं उचलायचं नसतं. तू उचल. दुसऱ्याचा हात लागतो त्याला.”

चांदपाशानं त्याच्याकडे नीट बघितलं, मग दाबलं. कप्पा कचऱ्यातून निघाला आणि जागेवर जाऊन बसला, काही घडलंच नाही अशा थाटात. कडूबानं सदऱ्याच्या खिशात हात घातला, हाताला लागले ते मूठभर फुटाणे काउंटरवरच्या पिठात ठेवले, आणि मोबाईल उचलला. “इकत घेतला तुझ्याकडून,” तो म्हणाला. चांदपाशानं एक फुटाणा तोंडात टाकला आणि पहिल्यांदाच हाव म्हणाला नाही.

पुलावर आल्यावर कडूबानं मोबाईल कानाला लावला, पण चालू केला नाही. खाली कुंडलिका वाळलेली, तिच्या पोटातला वास वर येत होता, बाजूनं सळयांचा ट्रक खणखणत गेला. इथं ऐकायचा नव्हता. त्याला एकेक उमगत चाललं होतं आणि प्रत्येक उमगण्यासरशी राग नवा माणूस शोधत होता. तेच अकाउंट तिच्याही फोनमध्ये. म्हणजे अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिनंही उघडून पाहिलं असणार, आणि तिलाही ढग हसला असणार. म्हणून उलथनं. म्हणून खालून वर ते बघणं. तिनं पोरासारखा उकिरड्यावर ठेवून जपलेला आवाज नवऱ्यानं खराच फेकून दिला, आणि वर स्वैपाकघरात येऊन विचारतो, कुठं ठेवलास? आणि तिला काय वाटलं असेल? मुद्दाम फेकला. ह्या माणसाला जन्मभर मधे तोंड घालणारी नको होती. दवाखान्यानं अर्धं काम केलं, उरलेलं ह्यानं केलं. हे तिला वाटलं असेल आणि तिनं ते आतल्या आत, गळ्यातल्या त्या भोकातून श्वासासारखं आत-बाहेर करत ठेवलं असेल. मग बोलायचं ना! कडूबा पुलावर मोठ्यानं म्हणाला. एक सायकलवाला दचकला. बोलायचं, म्हणे. कशानं? त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, डॉक्टरच्या, मास्तरच्या, हसऱ्या ढगाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. घरी जाऊन सरळ सांगावं, मीच टाकला, चुकलो. ह्या दोन शब्दांची त्याच्या तोंडाला कधी सवय नव्हती. तोंड ते शब्द घेऊन चालायला लागलं की रस्त्यातच त्यांचं दुसरंच काहीतरी करायचं. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत गोष्टीतला साहेब तयार झाला होता. फाटकाशी साहेबाला टाय आला.

उषाबाई स्वैपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात लसूण. वाकलेलं उलथनं तिनं दगडानं ठोकून सरळ केलेलं दिसत होतं. कडूबा उंबऱ्यावर बसला.

“आगं, हे कोनालाच खरं वाटनार न्हाई,” त्यानं सुरुवात केली. “तुझा आवाज चोरीला गेल्ता. ढगातूनच. पार समिंदराच्या पल्याड निघून गेल्ता. मी चांदपाशाच्या दुकानातून लावला फोन, थेट वरच्या साहेबाला. टायवाला. विंग्रजीत झापला त्याला. म्हनलं, तू ढग हाय का चोरबाजार? साहेब लागला रडायला. म्हनला, बाबा, एका बाईचा आवाज तेवढा ऱ्हाऊ द्या, आमच्या हापिसात सगळे त्योच ऐकून राह्यले—”

तिनं लसूण खाली ठेवला. हात पदराला पुसले आणि पुढं केले. त्यानं मोबाईल दिला. तिचं बोट कुठं अडलं नाही, भिंगाच्या वाटेलाही गेलं नाही. सरळ ‘उकिरडा’वर गेलं, तो उघडला, आतली एकुलती फीत उघडली, आणि तिच्यावरची रेघ ओढत ओढत एका जागी नेऊन सोडली. अंधारात मिठाच्या बरणीवर हात जावा तसं. कडूबानं ते बघितलं. त्या जागेवर ती किती वेळा एकटी जाऊन आली असेल, दुपारी तो खाटेवर घोरत पडलेला असताना, ते त्याला त्या बोटावरून कळलं, आणि आता थांबलं तर भलतंच काहीतरी होईल म्हणून तो आणखी जोरात बोलत सुटला.

“—मंग मी काय केलं, म्हनलं, आन तो ढग हिकडं! पिळला धोतरावानी. सात मुलखांचे आवाज गळाले खाली, कोनाचं रडनं, कोनाचं भजन, अन् त्यातून तुझा, एका झटक्यात, बराबर हुडकून काढला मी.”

आणि सवयीनं तो थांबला.

उषाबाईनं त्याच्या डोळ्यांत बघत बोट टेकवलं. आधी पंख्याची खरखर आली, कपबशी वाजली, आणि गेल्या पावसाळ्याआधीचा कडूबा खाटेवरून गर्जला, “आवाजावरून शोधून काढला राव!” त्यापाठोपाठ एक दाबलेलं हसू, अगदी जवळून, आणि मग घरभर, खणखणीत:

“खोटं! हरवला बी तुम्हीच, अन् आता सापडल्याची फुशारकी बी तुमचीच!”